ओला कचरा आवारातच जिरवूया

नमस्कार, श्रोतेहो.

सकाळी सोसायटीचा सफाई कामगार घरोघरचे डबे जिन्याखाली रिकामे करतो, तेव्हा दोन मिनिटं तिथे थांबून बघा. गाठ मारलेली कॅरीबॅग. आत चहाचा चोथा, केळ्याची सालं, रात्रीचा भात, न धुतलेली दुधाची पिशवी आणि मधेच फुटक्या ग्लासाची काच. ही गाठ पुढे कुणीतरी हाताने सोडतं. बहुतेकदा ती एखादी कचरावेचक बाई असते आणि तिच्या हातात मोजे असतातच असं नाही.

गाठ सुटलीच नाही तर पिशवी तशीच डंपिंगवर जाते. मुंबईत रोज ६,००० टनांहून जास्त कचरा निघतो, त्यात ओलाच जास्त. ढिगाखाली हवा न लागता तो कुजला की मिथेन वायू तयार होतो, आणि मिथेन पेटतो. २०१६च्या जानेवारीत देवनारच्या डंपिंग ग्राउंडला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. देवनारला १९२७पासून कचरा पडतोय. गोराई बंद झालं, २०१८मध्ये मुलुंडही. आता बहुतेक भार कांजूरमार्गवर. आपण ओट्यावरून उचलून टाकलेल्याचा वास देवनारलगतच्या गोवंडीतल्या आणि कांजूरमधल्या लेकरांनी का सोसायचा? मला हा सरळसरळ अन्याय वाटतो.

म्हणून माझी एकच विनंती आहे: ओला कचरा आवाराबाहेर जाऊच देऊ नका. भोकं पाडलेलं एक पिंप घ्या. तळाशी नारळाच्या शेंड्या, वर ओला कचरा, त्यावर सुका पालापाचोळा. विरजणासारखं मूठभर जुनं खत घाला आणि अधूनमधून ढवळा. वास यायला लागला तर ओल जास्त झालीय असं समजा आणि आणखी पाला घाला. दीड-दोन महिन्यांत काळंभोर खत हाती येतं. गुलमोहराची, पिंपळाची पडलेली पानं कृपा करून जाळू नका, ती इथेच कामी येतात.

रोज १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्यांना तर २०१७पासून पालिकेने हे बंधनकारकच केलंय. आणि 'आमच्याकडे बघणार कोण?' असं म्हणू नका. स्त्री मुक्ती संघटनेने 'परिसर विकास' उपक्रमातून १९९८पासून कचरावेचक बायकांना हेच काम शिकवलंय. त्यांना बोलवा, योग्य मेहनताना द्या.

'आम्ही वेगळा करतो, पण गाडीत सगळं एकत्रच जातं,' ही तक्रार मी प्रत्येक सोसायटीत ऐकतो. तक्रार खरी आहे. पण ओलं पिंपात गेलं आणि दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, पुठ्ठे, बाटल्या रद्दीवाल्याकडे गेल्या, तर गाडीत एकत्र करायला उरतंच काय? उरलेली काच आणि सॅनिटरी पॅड मात्र जाड कागदात वेगवेगळे गुंडाळून, वर ठळक खूण करून कामगाराच्या हाती द्या.