वाफसा आणि विज्ञानाचा अभ्यासक्रम

(मराठवाड्यातील शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

शिक्षक बंधू-भगिनींनो, 2023 चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तिसरी ते पाचवीत परिसराची ओळख करून देतो आणि सहावी ते आठवीत विज्ञान हा वेगळा विषय मांडतो. उद्दिष्टे, त्यांखाली क्षमता आणि त्यांखाली अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला नेमके काय यावे, अशी त्याची उतरंड आहे. निरीक्षण, अंदाज, मोजमाप आणि मग संज्ञा, हा क्रम वर्गात उलटा झाला की आराखडा कितीही चांगला असो, तो कागदावरच राहतो.

माती हा एकच घटक घेऊ. गोदाकाठची भारी काळी जमीन आणि बालाघाटाच्या उतारावरचा मुरूम, दोन्ही आपल्या हाताशी आहेत. तिसरीच्या मुलांनी ओल्या मातीची वात वळावी. काळीची वळते, मुरमाची तुटते. तिथे एवढे पुरे.

सहावीत मोजायचे. एक लिटरच्या दोन बाटल्यांचे बूड कापा, झाकणे काढा, तोंडाला सुती फडके बांधून उलट्या उभ्या करा. एकीत वाळवून चाळलेली 250 ग्रॅम काळी माती, दुसरीत तेवढाच मुरूम. प्रत्येकीत 250 मिलिलिटर पाणी हळूहळू ओता. धार एकाच जागी पडली तर खळगा पडतो आणि मापन बिघडते. खाली साठलेले पाणी दर पाच मिनिटांनी मोजा. ओतलेल्यातून निथळलेले वजा केले की मातीने धरलेले पाणी मिळते.

इथे एखादी मुलगी विचारेल, की मुरमाचा थर कमी उंचीचा का? वजन सारखे असले तरी उंची सारखी नाही. मग काय सारखे धरायचे? हा प्रश्न टाळू नका. चल राशी, म्हणजे प्रयोगात बदलणाऱ्या राशी, शिकवायला याहून चांगली संधी नाही. उंची सारखी धरून प्रयोग पुन्हा करा.

खरी गंमत पुढे आहे. काळी माती कालवून बाटलीत भरा आणि आठवडाभर उन्हात वाळू द्या. ती आकसते, भेगाळते, बाटलीच्या कडेपासून सुटते. आता ओतलेले पाणी भराभर खाली जाते. पुस्तकात तर चिकणमातीतून पाणी सावकाश झिरपते असे असते, म्हणून पुष्कळ ठिकाणी ‘प्रयोग फसला’ म्हणून बाटली रिकामी केली जाते. कृपया तसे करू नका. पाणी मातीतून नव्हे, भेगांतून गेले आहे. अर्ध्या तासाने पुन्हा तेवढेच पाणी ओता. माती फुगलेली असते, भेगा मिटत आलेल्या असतात आणि यावेळी पाणी वर तुंबते. पहिल्या वळवाचे पाणी भेगांत गडप होते आणि पुढे भर पावसात शेतात पाणी साचते, हे मुलांनी बांधावर पाहिलेले असते. त्याचे मोजमाप आता त्यांच्या वहीत येते.

कारण आठवीत सांगावे. चिकणमातीचा कण 0.002 मिलिमीटरहून लहान असतो. काळ्या मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाच्या थरांमध्ये पाणी शिरते, थर दूर सरतात, माती फुगते. वाळली की आकसते.

आपल्याकडे ‘वाफसा’ हा शब्द आहे. पेरणीला हवी तेवढी ओल आहे आणि मातीच्या पोकळ्यांत हवाही आहे, अशी ती अवस्था. मुलांच्या घरातला हा शब्द वर्गाबाहेर ठेवून आपण ‘मृदा आर्द्रता’ पाठ करून घेतो, याचे वाईट वाटते. वाफसा आधी येऊ द्या.

परीक्षेतही ‘काळ्या मृदेची वैशिष्ट्ये लिहा’ नको. दोन्ही बाटल्यांची आकडेवारी द्या आणि विचारा, की पाऊस सरल्यावर नुसत्या ओलीवर शाळू कोणत्या रानात येईल, आणि हे तुम्ही कोणत्या आकड्यावरून ठरवले?