करड्या चौकोनांपुढची वीस मिनिटं

एका आजोबांपासून सुरुवात करतो. आषाढी वारीत तुकोबांची पालखी पुण्यात नाना पेठेत, निवडुंग्या विठोबाला मुक्कामी असते. तिथं मी टिपलेल्या एका फोटोत त्यांच्या पत्नी होत्या, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या. त्या गेल्यानंतर आजोबा तो फोटो शोधत माझ्याकडे आले. साल त्यांना नक्की आठवत नव्हतं. मी डिजिकॅम, म्हणजे फोटो साठवून शोधायचं सॉफ्टवेअर उघडलं, तर पडद्यावर नुसते करडे चौकोन. खाली सरकावं, थांबावं, चार चौकोन भरावेत, पुन्हा थांबावं. वीस मिनिटं गेली, चहा संपला, "राहू द्या, तुमचा खोळंबा होतोय," म्हणत ते उठले. फोटो माझ्याकडे होता आणि मला तो दाखवता आला नाही. हे मनाला फार लागलं.

तेव्हा माझ्याकडे १,८०,००० फोटो होते. वारी, गणेशोत्सव, पाडले जाण्याआधी टिपलेले पेठांमधले वाडे. जो तो म्हणे, नवा कॉम्प्युटर घ्या. पण मी टास्क मॅनेजर उघडून पाहिलं तर प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला आणि हार्ड डिस्क मात्र १०० टक्के गुंतलेली.

हिशेब सोपा आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी लागते, त्याआधी सुई सरकवायला आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे एका शोधाला बारा-तेरा. प्रत्येक फोटोसाठी असा एकच शोध धरला तरी १,८०,००० फोटोंना छत्तीस मिनिटांहून जास्त. एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या चिपच्या डिस्कवर, एक शोध साधारण ०.१ मिलिसेकंदात होतो. तेच काम अठरा सेकंदांत!

म्हणून सगळे फोटो एसएसडीवर हलवायचे का? नाही, तेवढा खर्च लागतच नाही. सॉफ्टवेअर सतत चाळतं ते मूळ फोटो नव्हेत, तर त्याचा डेटाबेस, म्हणजे फोटोंची नोंदवही, आणि थंबनेल, म्हणजे फोटोंच्या छोट्या प्रतिमा. डिजिकॅम थंबनेलही वेगळ्या डेटाबेसमध्ये साठवतं. सॉफ्टवेअर बंद करून, आधी प्रत काढून, फक्त हे डेटाबेस मी एसएसडीवर नेले. पंचवीस-पंचवीस एमबीचे, कॅमेऱ्यातून आलेले मूळ रॉ फोटो जुन्याच डिस्कवर राहिले. लाइटरूम क्लासिक हे असंच दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी कॅटलॉग (त्यातली नोंदवही) आणि प्रीव्ह्यू (छोट्या प्रतिमा) असेच हलवावेत.

त्याआधी एक चूक करून झाली होती, ती सांगतो. घरातल्या दोन्ही लॅपटॉपवर दिसावं म्हणून डेटाबेस नेटवर्कवरच्या डिस्कवर ठेवला होता. डिजिकॅम मुळात एसक्यूलाइट हा एका फाइलीत मावणारा डेटाबेस वापरतं, आणि नेटवर्कवर फाइल लॉक करणं, म्हणजे एकजण लिहीत असताना दुसऱ्याला थांबवणं, भरवशाचं नसतं, हा इशारा एसक्यूलाइटचे कर्तेच देतात. वेग तर जातोच, डेटाबेस बिघडायचीही भीती. डेटाबेस नेटवर्कवरच हवा असेल किंवा फोटो लाखाच्या पुढे गेले असतील, तर मारियाडीबी हा सर्व्हरवर चालणारा डेटाबेस वापरा.

बाकी किरकोळ. सुरू होताना नवे फोटो शोधायची सोय बंद करा, फोटो उतरवल्यावर हाताने चालवा. चेहरे ओळखायचं काम रात्री लावून झोपा. बरेच फोटो पुसल्यावर डेटाबेसमधली मोकळी झालेली जागा आपोआप परत मिळत नाही, त्यासाठी डिजिकॅममधली देखभालीची सोय अधूनमधून चालवा.

एक सल्ला मात्र मला मुळीच पटत नाही. वर्षागणिक वेगळा कॅटलॉग करा म्हणजे वेग येतो, असं सांगतात. येतो, खरं आहे. पण आजोबांना साल आठवत नव्हतं, विसरू नका. माणसांना तुळशीवृंदावन आठवतं, पाऊस आठवतो, लुगड्याचा रंग आठवतो. संग्रहाचे पंधरा तुकडे केले तर तोच शोध पंधरा वेळा घ्यावा लागतो. संग्रह एकच ठेवा, आणि फोटो उतरवलेत त्याच आठवड्यात त्यांना शब्द जोडा.

पुढच्याच महिन्यात लॅपटॉप घेऊन मी आजोबांकडे गेलो. 'निवडुंग्या' आणि 'तुळशीवृंदावन' हे दोन शब्द टाकले. पडदा क्षणात भरला. तिसऱ्या ओळीत त्या होत्या. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पडद्याला बोट लावून मागच्या बायकांची नावं सांगू लागले. ही धाकटी जाऊ, ही शेजारची, हिचं माहेर सासवडचं. मी तिथंच बसून एकेक नाव टाइप करत गेलो.