बाहेर पडण्याचं तिकीट

श्रोतेहो, नमस्कार.

पर्यटक व्हिसाच्या अर्जाला जोडायच्या एका कागदाबद्दल आज बोलायचं आहे. पुढच्या प्रवासाचा पुरावा. म्हणजे तुम्ही त्या देशातून कधी, कुठून आणि कशानं बाहेर पडणार, हे दाखवणारं आरक्षण. सोपं वाटतं ना? माझ्या आत्यालाही वाटलं होतं.

२०२४ ची गोष्ट. आत्या नुकतीच शाळेतून निवृत्त झाली होती आणि तिला सेमरिंगचा घाट पाहायचा होता. व्हिएन्नाच्या दक्षिणेला, आल्प्समधून जाणारी ही रेल्वे १८५४ साली सुरू झाली. कार्ल फॉन गेगा नावाच्या अभियंत्यानं ती आखली. दगडी पूल, बोगदे, आणि पुलावर आणखी एक पूल! १९९८ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. माझं तर ठाम मत आहे, दोन शहरांमध्ये रेल्वे असेल तर विमानाचं नाव काढू नये. देश खिडकीतून दिसला पाहिजे. असो.

आत्याचा बेत असा. व्हिएन्नाला उतरायचं, आठ दिवस ऑस्ट्रियात राहायचं, मग सेमरिंगवरून रेल्वेनं क्रोएशियात, झाग्रेबला. तिथे दोन दिवस, आणि झाग्रेबहून घरी. घरी यायचं विमान मागाहून बघू म्हणाली. अर्जाला जोडलं ते व्हिएन्ना ते झाग्रेब रेल्वेचं तिकीट. ‘ऑस्ट्रियातून बाहेर पडते की नाही? झालं तर मग.’

अर्ज द्यायला मी सोबत होते. खिडकीपलीकडच्या मुलीनं एकेक कागद उलटला, त्या तिकिटावर थांबली आणि म्हणाली, ‘‘मॅडम, हे बाहेर पडण्याचं तिकीट नाही.’’

आत्यानं पिशवीतून प्रवासाचं पुस्तक काढलं. पान दुमडलेलं, ओळीखाली पेन्सिलची रेघ. क्रोएशियाच्या हद्दीवर पासपोर्ट तपासून शिक्का मारतात, असं छापलेलं होतं. मुलीनं ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, ‘‘पुस्तक कधीचं आहे?’’

तिथेच घोळ होता. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आला, म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या, एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात. त्याच दिवशी तिथे युरोही आला. पुस्तक त्याआधीचं. म्हणजे आत्या ऑस्ट्रियातून बाहेर पडत होती, पण शेंगेनमधून नाही. आणि व्हिसा होता शेंगेनचा. लक्षात घ्या, ज्या प्रदेशाचा व्हिसा, त्या सगळ्या प्रदेशातून बाहेर पडल्याचं दिसलं पाहिजे.

आम्ही जिना उतरलो तर खाली एक एजंट उभा. म्हणाला, ‘‘नुसतं दाखवायला तिकीट देतो, पाच मिनिटांत. सगळेच घेतात.’’ आत्यानं विचारलं, ‘‘त्या तिकिटावर मला विमानात बसता येईल?’’ तो गप्प. ‘‘अर्जावर सही माझी आहे,’’ एवढंच बोलून ती चालू लागली. मला तिचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

त्याच संध्याकाळी झाग्रेबहून घरापर्यंतचं, रद्द केल्यास पैसे परत मिळणारं तिकीट काढलं. पुन्हा वेळ घेतली, कागद जोडला, व्हिसा आला.

आता थोडं नियमाचं. शेंगेनच्या व्हिसा संहितेत परत जाण्याच्या इराद्याचा पुरावा म्हणून तिकीट किंवा आरक्षण, दोन्ही चालतं. तेव्हा परत न मिळणारे पैसे आधीच भरून बसू नका. मात्र आरक्षण खरं हवं, आणि निकाल लागेपर्यंत जिवंत हवं. निकालाला साधारण १५ दिवस लागतात, क्वचित ४५ पर्यंत जातात. काही दिवसांपुरतं धरून ठेवलेलं आरक्षण तोवर आपोआप रद्द होतं, आणि कुणी पीएनआर टाकून पाहिला तर हाती काहीच लागत नाही. पुन्हा सांगते: आरक्षण खरं, आणि निकालापर्यंत जिवंत. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर.

आणि व्हिसा मिळाला की तो कागद घरी ठेवू नका. व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. सीमेवरचा अधिकारी पुन्हा विचारू शकतो. त्याआधी विमान कंपनीही विचारते, कारण प्रवेश नाकारला तर प्रवाशाला परत न्यायची जबाबदारी तिच्यावर येते. कागदावर छापलेली प्रत हातातल्या पिशवीत ठेवा. फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

आत्याला व्हिएन्नाच्या विमानतळावर विचारलंच, ‘‘परत कधी?’’ तिनं झाग्रेबचा कागद पुढे केला. परतल्यावर तिनं मला फोटोंच्या आधी पासपोर्ट दाखवला. प्रवेशाचा शिक्का चौकोनी, टोकदार कोपऱ्यांचा. बाहेर पडल्याचा शिक्का गोलसर कोपऱ्यांचा, त्यात बाहेर जाणारा बाण आणि छोटंसं विमान. त्या बाणावर बोट ठेवून म्हणाली, ‘‘हे बघ, इथून बाहेर पडले.’’

नमस्कार.