अर्धा कागद आणि निळी पेन्सिल

[पडद्यावर: कागदाचा एक तुकडा. देशांची नावं, त्यांपुढे टक्के. त्यावर निळ्या पेन्सिलीची ठळक खूण.]

हा कागद नीट पाहा. वहीचं पान मधोमध फाडावं, एवढाच आहे. त्यावर पाच देशांची नावं आहेत, आणि त्या देशांत कुणाचा प्रभाव किती टक्के असेल ते. रुमानिया: रशिया ९०, इतर १०. ग्रीस: ब्रिटन ९०, रशिया १०. युगोस्लाव्हिया आणि हंगेरी निम्मेनिम्मे. बल्गेरियात रशियाचे ७५.

९ ऑक्टोबर १९४४ ची रात्र. मॉस्को. महायुद्ध अजून संपलेलं नाही. ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल हा कागद टेबलावरून सोव्हिएत रशियाचे सर्वेसर्वा स्टॅलिन यांच्याकडे सरकवतात. दुभाषा मजकूर समजावून सांगतो. स्टॅलिन निळी पेन्सिल उचलतात, बरोबरची मोठी खूण करतात आणि कागद परत देतात. लाखो माणसांचं नशीब आपण असं चुटकीसरशी ठरवलं हे बरं दिसायचं नाही, तेव्हा कागद जाळून टाकू या, असं चर्चिल यांनी सुचवलं. स्टॅलिन म्हणाले, नको, तुमच्याकडेच ठेवा. चर्चिल यांनीच ही हकिकत आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. कागद आजही ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

मी नववीला इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. राज्यशास्त्राचा पहिलाच धडा ‘महायुद्धोत्तर राजकीय घडामोडी’. त्यात शीतयुद्ध येतं. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया, भांडवलशाही आणि साम्यवाद, नाटो आणि वॉर्सा करार या त्यांच्या दोन लष्करी युती. मुलं पाठ करतात, कारणं लिहितात, गुण मिळवतात. पण एक प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच: हे दोघं हिटलरविरुद्ध एकाच बाजूने लढले ना? मग एकमेकांचे वैरी कसे झाले? विचारसरणी तर १९४१ मध्येही वेगळ्याच होत्या, तेव्हा कशी मैत्री जमली?

या प्रश्नाला ‘विचारसरणीतील फरक’ हे उत्तर पुरत नाही. म्हणून मी फळ्यावर व्याख्या लिहायच्या आधी हा अर्धा कागद वर्गात फिरवते. मागच्या बाकावरून पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच येतो: ‘बाई, ग्रीसच्या लोकांना विचारलं होतं का?’

नव्हतं विचारलं. आणि तरी या कागदाचा परिणाम झाला. दोन महिन्यांनी, डिसेंबर १९४४ मध्ये, अथेन्सच्या रस्त्यांवर ब्रिटिश फौजा ग्रीक कम्युनिस्टांशी लढत होत्या. स्टॅलिन गप्प राहिले. ग्रीस त्यांच्या वाट्याला नव्हता. तुमचं तुम्ही सांभाळा, आमचं आम्ही सांभाळतो, अशी ही समजूत होती. मात्र त्या खोलीत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट नव्हते, आणि युद्धानंतरचं जग असं वाटून घ्यायला अमेरिकेची तयारी नव्हती.

[पडद्यावर: एल्बे नदी. मोडक्या पुलाजवळ हात मिळवणारे सैनिक.]

२५ एप्रिल १९४५. जर्मनीतलं तोर्गाउ गाव. पश्चिमेकडून आलेले अमेरिकन आणि पूर्वेकडून आलेले रशियन सैनिक एल्बे नदीवर भेटले. ते हसताहेत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकताहेत. हे छायाचित्र दाखवलं की मी मुलांना थोडा वेळ काहीच सांगत नाही. त्या पोरांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा होता, हे त्यांना दिसायला हवं.

मग फळ्यावर दोन आकडे लिहिते. महायुद्धात सोव्हिएत संघाची माणसं गेली सुमारे २ कोटी ७० लाख. अमेरिकेची गेली ४ लाखांच्या आसपास. एकीकडे हजारो गावं जळून गेलेली, लेनिनग्राडमध्ये ८७२ दिवसांच्या वेढ्यात माणसं उपासमारीने मेलेली. दुसरीकडे अमेरिकेच्या मुख्य भूमीवर युद्ध पोहोचलंच नव्हतं. तिथले कारखाने जोरात होते आणि जगातल्या औद्योगिक उत्पादनाचा जवळजवळ निम्मा वाटा त्या एका देशाचा होता.

आता या दोघांना पोलंडच्या नकाशासमोर उभं करा. जर्मन फौजा रशियावर तीस वर्षांच्या आत दोनदा चालून आल्या, १९१४ मध्ये आणि १९४१ मध्ये. पोलंडची सपाट जमीन म्हणजे त्यांची वाट. स्टॅलिन यांना तिथे आपल्या मुठीतलं सरकार हवं होतं. पण ब्रिटन १९३९ मध्ये युद्धात उतरलं तेच पोलंडसाठी. तिथे पुन्हा कुणाची तरी हुकूमशाही यावी यासाठी एवढं रक्त सांडलं होतं का? फेब्रुवारी १९४५ मध्ये काळ्या समुद्राकाठच्या याल्टाला चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टॅलिन या तिघांनी पोलंडमध्ये मुक्त निवडणुका घेण्याचं मान्य केलं. शब्द एक, अर्थ दोन. मार्चमध्ये पोलंडच्या भूमिगत चळवळीच्या सोळा नेत्यांना सोव्हिएत पोलिसांनी पकडलं आणि जूनमध्ये मॉस्कोत त्यांच्यावर खटला चालवला. निवडणुका झाल्या जानेवारी १९४७ मध्ये, त्याही दहशतीत आणि आकड्यांची फिरवाफिरव करून.

इथे मला ठामपणे सांगावंसं वाटतं. रशियाची भीती खरी होती. त्या भीतीपोटी त्याने शेजाऱ्यांवर जो जुलूम केला, तोही तितकाच खरा होता. मुलांना या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हातात धरता येतात. आपण मोठी माणसंच उगाच एक निवडायला लावतो.

[पडद्यावर: पॉट्सडॅम. बागेतल्या वेताच्या खुर्च्यांवर बसलेले तीन नेते.]

पुढची भेट जुलै १९४५, बर्लिनजवळ पॉट्सडॅमला. रूझवेल्ट १२ एप्रिललाच वारले होते. त्यांच्या जागी आले हॅरी ट्रुमन. परिषद सुरू असतानाच ब्रिटनच्या निवडणुकीचा निकाल लागला, चर्चिल गेले आणि ॲटली येऊन बसले. १६ जुलैला अमेरिकेच्या वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली. २४ तारखेला बैठक उठल्यावर ट्रुमन सहज गेल्यासारखे स्टॅलिन यांच्याजवळ गेले आणि म्हणाले की, आमच्याकडे विलक्षण संहारक शक्तीचं एक नवं अस्त्र आलं आहे. स्टॅलिन यांनी फारसं काही दाखवलं नाही. कारण त्यांना हे हेरांकडून आधीच कळलं होतं. मित्राने मित्रापासून लपवलं आणि मित्राने ते हेर लावून काढून घेतलं. दोन आठवड्यांत हिरोशिमा झालं.

आता दोन पत्रं. या धड्यातला माझा सगळ्यात आवडता तास याच पत्रांचा.

२२ फेब्रुवारी १९४६. मॉस्कोतल्या अमेरिकन वकिलातीतले जॉर्ज केनन आजारी होते, अंथरुणावर पडून होते. वॉशिंग्टनने विचारलं होतं की रशिया असा का वागतो. केनन यांनी हजारो शब्दांची तार पाठवली. तिचा गाभा असा: रशियन सत्ताधाऱ्यांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्यांची असुरक्षितता आहे, त्यांच्याशी कायमची तडजोड होणार नाही, पण समोर बळ दिसलं की ते मागे हटतात.

सप्टेंबर १९४६. वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत निकोलाय नोविकोव्ह यांनी मॉस्कोला अहवाल पाठवला. त्याचा गाभा असा: अमेरिकेला जगावर वर्चस्व हवं आहे. तिचा लष्करी खर्च पाहा. तिच्या किनाऱ्यांपासून हजारो मैलांवर ती बांधत असलेले तळ पाहा. हा अहवाल बाहेर यायला १९९० उजाडलं.

मी दोन्ही पत्रांतले उतारे मराठीत आणते, देशांची नावं खोडते आणि मुलांच्या गटांना वाटते. कोणतं पत्र कुणाचं ते ओळखा. दहा मिनिटं वर्गात गोंगाट. बरेच गट चुकतात. ‘दुसऱ्याचा डाव जग गिळायचा आहे, आपण मात्र बचाव करतोय’ हा सूर दोन्हीकडे सापडतो. नावं उघड केली की वर्ग एकदम शांत होतो. मग मी सांगते की फरकही पाहा. केनन मोकळेपणाने लिहीत होते. नोविकोव्ह यांचा अहवाल परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह यांच्या सूचनेबरहुकूम तयार झाला होता. वरच्याला जे ऐकायचं आहे तेच कळवायची पद्धत असेल, तर त्या सरकारला जग कसं दिसत असेल? यावर मुलं फार चांगलं बोलतात. असा अनुभव त्यांनाही असतो.

याच दोन पत्रांच्या मधल्या काळात, मार्च १९४६ मध्ये, अमेरिकेतल्या फुल्टन गावी चर्चिल यांनी ‘पोलादी पडदा’ हा शब्द जगाच्या तोंडी बसवला: युरोपचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करणारा पडदा. ज्यांनी दीड वर्षापूर्वी अर्धा कागद सरकवला होता, तेच हे चर्चिल.

[पडद्यावर: १९४७ चं कॅलेंडर. फेब्रुवारी.]

आता एक तारीख आपल्या मुलांना आधीच पाठ असते: २० फेब्रुवारी १९४७. पंतप्रधान ॲटली यांनी पार्लमेंटमध्ये जाहीर केलं की जून १९४८ च्या आत ब्रिटन भारतातली सत्ता सोडेल. दुसऱ्याच दिवशी, २१ तारखेला, ब्रिटनने वॉशिंग्टनला कळवलं की ग्रीस आणि तुर्कस्तानला मदत देणं आता आम्हाला झेपत नाही. त्या कडक हिवाळ्यात ब्रिटनमध्ये कोळसा नव्हता, तिजोरीत पैसा नव्हता. भारत सोडण्यामागे आपल्या लोकांचा लढा होता, ते कुणी विसरू नये. पण रिकाम्या तिजोरीचा भाग दोन्हीकडे एकच होता. इतिहासाच्या पुस्तकात ‘भारताचं स्वातंत्र्य’ आणि ‘शीतयुद्ध’ वेगवेगळ्या धड्यांत येतात. या दोन दिवसांत ते एकमेकांना लागून उभे आहेत.

ब्रिटनची ती जागा अमेरिकेने घेतली. १२ मार्चला ट्रुमन यांनी दोन्ही देशांसाठी ४० कोटी डॉलर मागितले. जूनमध्ये परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी युरोपच्या पुनर्बांधणीसाठी मदत देऊ केली. पुढे सोळा देशांना मिळून सुमारे १,३०० कोटी डॉलर मिळाले. ही मदत उपाशी युरोपला हवी होती, आणि उपाशी युरोप कम्युनिस्टांकडे वळू नये ही अमेरिकेची गरजही होती. रशियालाही निमंत्रण होतं. मोलोटोव्ह पॅरिसला आले, पण आपले आर्थिक हिशेब इतरांपुढे मांडण्याची अट दिसताच उठून गेले. चेकोस्लोव्हाकियाने निमंत्रण स्वीकारलं होतं. त्यांच्या नेत्यांना मॉस्कोत बोलावून घेतलं गेलं आणि त्यांनी होकार मागे घेतला. फेब्रुवारी १९४८ मध्ये तिथली सगळी सत्ता कम्युनिस्टांच्या हाती गेली.

[पडद्यावर: पत्त्यांच्या बंगल्यांसारख्या पडक्या इमारती. त्यांवरून अगदी खालून जाणारं विमान.]

आणि मग बर्लिन. इथे घाई करू नका, एक पूर्ण तास द्या.

अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया यांच्या ताब्यात जर्मनीचे चार भाग झाले होते. राजधानी बर्लिन रशियन भागात सुमारे १६० किलोमीटर आत होती, पण तिचेही चार तुकडे. जून १९४८ मध्ये पाश्चात्त्यांनी आपल्या भागांत नवं चलन आणलं, डॉइच मार्क. तोवर बाजार चालत होता सिगारेटींवर. जुन्या नोटेला किंमतच उरली नव्हती. नव्या नोटा आल्या आणि दुकानांत रातोरात माल दिसू लागला. स्टॅलिन यांना त्यात दिसलं ते वेगळंच: आपल्याला न विचारता पुन्हा उभी राहणारी, श्रीमंत, शत्रूच्या गोटातली जर्मनी. २४ जूनला रस्ते, रेल्वे, कालवे बंद झाले. पश्चिम बर्लिनमधले वीस लाखांहून जास्त लोक कोंडले गेले. आता माल न्यायला पाश्चात्त्यांपुढे उरली ती आकाशाची वाट.

एका शहराला विमानाने जेवू घालायचं, म्हणजे नेमकं काय करायचं? वर्गाला यादी करायला सांगा. पाव न्यायचा का? नाही, पावात पाणी असतं, पाण्याचं वजन कशाला उडवायचं? पीठ न्या आणि भट्ट्या बर्लिनमध्ये पेटवा. बटाटे वाळवून न्या. मांस हाडं काढून न्या. मिठाने विमानाचा धातू गंजतो. मग मीठ नेलं समुद्रावर उतरणाऱ्या विमानांनी, कारण त्यांना खाऱ्या पाण्याची सवय होती. ती बर्लिनमधल्या हाफेल नदीच्या तळ्यावर उतरत. आणि सगळ्यात जास्त वजन कशाचं? अन्नाचं नाही, कोळशाचं. बर्लिनच्या तेगेल भागात नवी धावपट्टी हवी होती, ती सुमारे तीन महिन्यांत झाली. बॉम्बने पडलेल्या घरांचा राडारोडा वाहून हजारो बर्लिनकरांनी ती बांधली. त्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या.

टेम्पलहोफ विमानतळाच्या कुंपणापाशी मुलं उभी असत. गेल हॅल्व्होर्सन या अमेरिकन वैमानिकाने एकदा खिशातली च्युइंगमची दोन पानं त्यांना दिली. मुलांनी हिसकाहिसकी केली नाही. तुकडे करून वाटून घेतली आणि ज्यांना मिळालं नाही त्यांनी कागदाचा वास घेतला. हॅल्व्होर्सन यांनी सांगितलं, उद्या येताना टाकतो, विमानाचे पंख हलवले की समजा मी आलो. दुसऱ्या दिवशी हातरुमालांच्या छोट्या छत्र्यांना बांधलेली चॉकलेटं खाली आली. मी हे सांगते तेव्हा आणखी एक गोष्ट आठवणीने सांगते: तीन-चार वर्षांपूर्वी याच आकाशातून याच देशांच्या विमानांनी याच शहरावर बॉम्ब टाकले होते. कुंपणाशी उभ्या मुलांना तो आवाज ओळखीचा होता.

१२ मे १९४९ ला रशियाने वेढा उठवला. पुन्हा रस्ते बंद झाले तर साठा हवा, म्हणून विमानं येतच राहिली. तोवर एप्रिलमध्ये बारा देशांनी नाटो करारावर सह्या केल्या होत्या आणि जर्मनीची दोन राष्ट्रं होऊ घातली होती. २९ ऑगस्टला कझाकस्तानच्या गवताळ माळावर सोव्हिएत रशियाने आपला पहिला अणुबॉम्ब फोडला, कुणालाही न सांगता. अमेरिकन विमानांनी हवेतले किरणोत्सारी कण टिपले. २३ सप्टेंबरला ट्रुमन यांनी ही बातमी जगाला दिली.

त्यानंतर बरोबर आठवड्याने, ३० सप्टेंबरला, हवाई पुरवठ्याचं शेवटचं उड्डाण झालं. पंधरा महिन्यांत २ लाख ७८ हजारांच्या आसपास उड्डाणं, सुमारे २३ लाख टन माल, आणि हे काम करताना दगावलेली १०१ माणसं.

[पडद्यावर: नववीचा वर्ग. फळ्यावर नकाशा. बाकांवर नावं खोडलेले दोन उतारे.]

तास संपायला पाच मिनिटं असतात. मी तो अर्धा कागद पुन्हा पहिल्या बाकावर ठेवते आणि मुलांना सांगते की आता त्या पाच देशांपैकी एक निवडा. तुम्ही तिथले नववीतले विद्यार्थी आहात, वर्ष १९४४. चर्चिल आणि स्टॅलिन यांना एक पत्र लिहा.

वह्या उघडल्याचा आवाज येतो.