व्यायामाची वेळ आणि डब्याची वेळ

नमस्कार श्रोतेहो. आपल्या कोल्हापुरात कमावलेल्या शरीराला मोठा मान. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं. गंगावेशीपासून शाहूपुरीपर्यंत तालमींत वस्तादांच्या नजरेखाली पोरं घडली. खुराक कसा घ्यावा, मालीश कशी करावी, विश्रांती किती, हे तिथं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जातं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू अशा शिदोरीला सांस्कृतिक भांडवल म्हणत. पैसा एका सहीनं नावावर होतो; हे भांडवल मात्र पिळदार शरीरासारखं स्वतःचा वेळ घालूनच कमवावं लागतं. हा दाखला खुद्द त्यांचाच बरं का. आपला एखादा वस्तादही हेच बोलला असता!

सगळी मेख या वेळेतच आहे. तालीम पहाटे आणि संध्याकाळी. चूलही नेमकी तेव्हाच पेटलेली. शरीराची जाण बायकांकडं कमी होती असं कुणी म्हणू नये. बाळंतिणीचा शेक, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळाची टाळू भरणं, सगळं त्यांच्याच हातातलं. पैलवानाचा खुराकसुद्धा पुष्कळदा आईच्या हातचा. पण ही जाण खर्च होते ती बहुधा दुसऱ्याच्या देहासाठी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, पुरुषांत २५ टक्के. पाळी आणि बाळंतपणं हे कारण आहेच. पण सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं जेवणं, हेही आहे.

शिक्षणानं हे बदलतं का? अर्धंमुर्धं. समजा, नवरा-बायको दोघं शिक्षक. पदवी सारखी, रक्तदाबाची माहिती सारखी. तो सकाळी सहाला रंकाळ्यावर फिरायला जातो. ती डबे भरते आणि त्याच्या रश्श्यातलं मीठ कमी करते. तिच्या शिक्षणाचं व्याज त्याच्या तब्येतीत जमा! तिच्या वाट्याला सल्ला येतो तो ‘जरा बारीक हो’ एवढाच.

याच शहरातली तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीत जगज्जेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. असा खेळ तासन्‌तास सराव मागतो, आणि ते तास मुलीच्या हक्काचे असावे लागतात.

चाळिशीतल्या बाईचे तास कुठं आहेत? महिलांचा व्यायामवर्ग ठेवायचा म्हटलं की दुपार सुचवली जाते. नोकरदार बाई तेव्हा ऑफिसात असते. तिला सकाळचे सहा हवे असतील, तर त्या दिवशीचा डबा कोण करणार, हे घरात आदल्या रात्रीच ठरायला हवं.