जुनी थंडरबर्ड ३५० घेताय? पैसे आधी कुठे घालायचे ते बघा

नमस्कार मंडळी. आजची गाडी आहे रॉयल एनफील्डची थंडरबर्ड ३५०, २०१२ च्या अखेरीस आलेलं मॉडेल. ३४६ सीसी, कार्बोरेटर, दोन स्पार्क प्लग, दोन्ही चाकांना डिस्क आणि २० लिटरची टाकी. लिटरला तीस-पस्तीस धरा. म्हणजे पुण्यातून टाकी फुल केली की गोव्यात पोचेपर्यंत पंपाकडे बघायची गरज नाही. २०२० मध्ये हिचं उत्पादन थांबलं, त्यामुळे आता मिळते ती वापरलेलीच. थंडरबर्ड ५०० इंजेक्शनवाली आहे, तिचं गणित वेगळं. आज फक्त ३५०.

अशी गाडी घेतली की बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात क्रॅश गार्ड, फॉग लाइट आणि मोठा आवाज करणारा सायलेन्सर बसवतात. आमचं म्हणणं उलट आहे. आधी ही गाडी शोरूममधून निघाली तशी चालली पाहिजे. दहा वर्षांत जे रबर कडक झालंय, जे बेअरिंग खाल्लं गेलंय, जी वायर कुणीतरी तोडून जोडलीय, ते आधी. बाकी हौस नंतर.

(कॅमेरा: डावी बाजू, इंजिनचं कव्हर)

या गाडीचं सगळ्यात महाग दुखणं इथे आत बसलंय. त्याचं नाव स्प्रॅग क्लच. सेल्फचं बटण दाबलं की स्टार्टर मोटर याच्यामार्फत क्रँक फिरवते. इंजिन सुरू झालं की हा आपोआप सुटतो. एका दिशेला पकडायचं, दुसऱ्या दिशेला सोडायचं, एवढंच त्याचं काम.

का बिघडतो? कमजोर बॅटरीमुळे. बॅटरी बसलेली असली की मोटर क्रँक हळू फिरवते. पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी पडते, आणि पुढे ढकलायला पुरेसा जोर नसल्यामुळे पिस्टन उलटा फेकला जातो. क्रँक मागे फिरू बघतो, मोटर पुढे ढकलत असते, आणि दोघांच्या मध्ये सापडतो हा स्प्रॅग. ‘खट्‌’ असा धातूचा आवाज येतो तो हाच. असं वारंवार झालं की मोटर नुसती गरगर फिरते आणि इंजिन जागचं हलत नाही. मग डावं कव्हर उघडायचं, ऑइल काढायचं, क्लच आणि मॅग्नेट सोडवायचे, नवीन गॅस्केट टाकायचं. पार्टपेक्षा मजुरीच जास्त बोचते.

म्हणून गाडी बघायला जाताना खिशात मल्टिमीटर ठेवा. साधा चालतो. मालकाला आधीच सांगा, ‘आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ गरम इंजिन बऱ्याच गोष्टी लपवतं.

पहिलं रीडिंग चावी बंद असताना, बॅटरीच्या टर्मिनलवर. १२.६ व्होल्टच्या आसपास हवं. १२.२ च्या खाली असेल तर बॅटरी अर्धी रिकामी आहे. दुसरं रीडिंग सेल्फ दाबताना. काटा १० च्या वर राहिला तर उत्तम, ९.५ च्या खाली गेला तर बॅटरी म्हातारी झालीय किंवा टर्मिनलला गंज आहे. तिसरं रीडिंग इंजिन सुरू करून, रेस साधारण २५०० ते ३००० वर धरून. १३.८ ते १४.४ यायला हवं. १३ च्या पुढे जातच नसेल तर चार्जिंग कमी पडतंय: स्टेटर (वीज तयार करणारी कॉइल), रेग्युलेटर (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा) किंवा त्यांच्यामधला कनेक्टर. कनेक्टर आधी उघडून बघा, प्लास्टिक वितळलेलं, पिना काळ्या पडलेल्या असतात आणि बिचारा रेग्युलेटर उगाच बदलला जातो. १५ च्या वर गेलं तर मात्र रेग्युलेटर गेलाच. तो बॅटरी उकळवतो आणि बल्ब उडवतो.

आणखी एक तपासणी, जी गॅरेजमध्ये सहसा कुणी करत नाही. चावी बंद ठेवून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि मीटर मिलिअँपिअरवर लावून ती वायर आणि टर्मिनल यांच्या मध्ये जोडा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ दाबायचा नाही, फ्यूज उडेल. घड्याळ वगैरेला काही मिलिअँपिअर जातात, ते ठीक. पन्नासच्या वर दिसलं तर कुठलातरी जुगाड करंट खातोय. जीपीएस ट्रॅकर, मोबाइल चार्जर, अलार्म, एकेक काढून बघा. गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरी का बसते, याचं उत्तर इथे सापडतं.

आणि सवयीचं सांगायचं तर, थंडीत किंवा गाडी बरेच दिवस उभी असेल तेव्हा पहिली सुरुवात किकने. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही.

आता आवाज. हिला हायड्रॉलिक टॅपेट आहेत, म्हणजे ऑइलच्या दाबावर व्हॉल्व्हचं अंतर आपोआप जुळतं, टॅपेट सेट करायची भानगड नाही. कुणी फिटर ‘टॅपेट टाइट करून देतो’ म्हणाला तर त्याला या इंजिनची ओळख नाही असं समजा. थंड इंजिन सुरू केल्यावर काही सेकंद टिकटिक येणार, ऑइल चढलं की बंद होणार. इंजिन गरम झाल्यावरही टिकटिक राहिली तर आधी ऑइल बदला, मग पुढचं बोला.

(कॅमेरा: खालून, ड्रेन प्लग)

ऑइल १५डब्ल्यू५०. इंजिन, गिअर, क्लच, सगळ्यांना हेच एक, त्यामुळे डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं हवं. कारचं ऑइल टाकलंत तर क्लच घसरण्याचा धोका. इंजिन दहा मिनिटं चालवून गरम करा, गाडी मेन स्टँडवर, ड्रेन प्लग उघडा. खालची जाळी काढून पेट्रोलने धुवा. जाळीत काय सापडतं ते बघाच, तिथे इंजिनचं खरं वय कळतं. करडा बारीक लगदा चालतो. चकाकणारे तुकडे असतील तर लोहचुंबक फिरवा. चिकटले तर पोलाद, म्हणजे गिअर किंवा प्रायमरी चेनचा (इंजिनकडून क्लचकडे जाणारी आतली चेन) मामला. नाही चिकटले तर ॲल्युमिनियम. दोन्हीमध्ये किंमत पाडून मागा किंवा सरळ सोडून द्या.

फिल्टर उजव्या बाजूच्या कव्हरमध्ये. इथे एक चूक हमखास होते. किटमध्ये फिल्टरसोबत ओ-रिंगा येतात, त्यातली एखादी राहते किंवा चुकीच्या जागी बसते. मग ऑइल फिल्टरमधून जायच्याऐवजी बाजूने पळतं आणि वर हेडला दाब कमी पडतो. जुन्या काढताना फोटो काढा, नव्या त्याच जागी, ऑइल लावून. बोल्ट बारीक आहेत आणि कव्हर ॲल्युमिनियमचं, तेव्हा १० न्यूटन-मीटर पुरे, लांब पाना नको.

भरताना सव्वादोन लिटर ओता, दोन-तीन मिनिटं इंजिन चालवा, बंद करा, थोडं थांबा, मग काचेतून बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये येईपर्यंत थोडं थोडं. साधारण अडीच लिटरपर्यंत जातं. जास्त भरलं तर ते ब्रीदरमधून (इंजिनमधली वाफ बाहेर सोडणारी नळी) एअर फिल्टरमध्ये येतं आणि फिल्टरचा कागद भिजतो.

प्लग दोन आहेत. मेकॅनिक सोपा असलेला एकच बदलतो, अडचणीतला तसाच. गाडी एका प्लगवरही चालते म्हणून कळत नाही, फक्त मायलेज आणि ओढ कमी होते. दोन्ही उघडा, गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर.

कार्बोरेटर व्हॅक्यूमवर चालणारा आहे, आत पातळ रबरी डायफ्रॅम. तो फाटला की आयडलिंग छान, पण साठ-सत्तरच्या पुढे गाडी जीव काढते. एअर फिल्टरचा पाइप काढून रेस द्या. आतला स्लाइड वर उठला नाही तर डायफ्रॅम बघा. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, आणि त्याला टिकतील असे पार्ट बसवलेल्या गाड्या २०२३ पासूनच्या. त्यामुळे जुन्या गाडीचा पेट्रोल पाइप इथेनॉलला चालणाऱ्या नव्या पाइपने बदला. दोन-तीन आठवडे गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी करा, नाहीतर पायलट जेट, म्हणजे आयडलिंगला पेट्रोल देणारं बारीक छिद्र, चिकटतो. कोकणात गाडी ठेवत असाल तर टाकी भरूनच ठेवा. अर्धी रिकामी टाकी आतून गंजते, आणि ही टाकी मोठी आहे.

चालवायला घेतलीत की दोन दुखणी जाणवतील. हँडल मधोमध अडकल्यासारखं वाटतं ते कॉनसेटमुळे, म्हणजे हँडलच्या मानेतल्या बेअरिंगमुळे. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा, सरळ रेषेत खाच जाणवली तर पूर्ण सेट बदला. फक्त आवळू नका. आवळल्यावर गाडी कमी वेगात डुलते, कारण हँडल स्वतःहून सरळ व्हायला हवं ते होत नाही. टेपर रोलर बेअरिंगचा सेट मिळाला तर तोच घाला. दुसरं म्हणजे वळणावर मागून शेपटी हलल्यासारखी. मेन स्टँडवर स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) धरून आडवा हलवा, ढिलेपणा दिसला तर त्याचे बुश गेले. मागच्या हबमधले रबर त्याच वेळी बदला, स्वस्त आहेत आणि ॲक्सिलरेटर दिल्यावरचा धक्का तिथूनच येतो.

चेन मागच्या स्प्रॉकेटच्या टोकाला धरून ओढा, अर्धा दात उघडा पडला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच. ब्रेक ऑइल डॉट ४, दर दोन वर्षांनी. टायरवरचे चार आकडे वाचा. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक दिसो, तो टायर काढा. मागचे शॉक पाच टप्प्यांचे आहेत, दोन्ही बाजूंना एकच टप्पा आहे ना बघा. हसू नका, वेगवेगळे असलेल्या गाड्या भरपूर फिरतात.

आता लाइट लावा, हरकत नाही. वीस-वीस वॅटचे दोन एलईडी म्हणजे साधारण ३ अँपिअर. बॅटरीपासून वेगळी दीड चौरस मिलिमीटरची वायर, टर्मिनलच्या वीतभर अंतरात ५ अँपिअरचा फ्यूज, आणि रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). रिलेचा ट्रिगर पार्किंग लाइटवरून घ्या, म्हणजे चावी काढली की लाइट बंद. हेडलाइटच्या वायरला टोचून जोडू नका. सायलेन्सर आणि एअर फिल्टर मात्र ओरिजिनलच राहू द्या. ते मोकळे केले की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि लांबच्या चढावर इंजिन तापतं.

कागदपत्रं. चासी नंबर हँडलच्या मानेवर, तो आरसीशी स्वतः जुळवा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. आरटीओला १४ दिवसांत कळवायची जबाबदारी विकणाऱ्याची, ३० दिवसांत तुमची.

ही स्पोकची चाकं, म्हणजे ट्यूब आलीच. लांब जाताना पुढची आणि मागची, दोन्ही मापांच्या ट्यूब जवळ ठेवा: पुढे १९ इंची, मागे १८ इंची. नवीन क्लच केबल जुन्या केबलच्या शेजारूनच ओवून, दोन्ही टोकं टेपने बंद करून ठेवा. रस्त्यावर तुटली तर टाकी उचलायची वेळ येत नाही. काम झाल्यावर पहिल्या तीनशे किलोमीटरनंतर सायलेन्सरचे, कॅरियरचे आणि मडगार्डचे बोल्ट परत एकदा पाना लावून बघा. हे इंजिन थरथरतं, आणि उघडून बसवलेले बोल्ट पहिल्या फेरीतच ढिले पडतात. परत ढिला सापडला त्याला निळं थ्रेडलॉक, म्हणजे आट्यांना लावायचा गोंद.