पुरात बुडालेला शेगडा आणि चार हट्टी स्क्रू

नमस्कार मंडळी. कॅमेरा आज जरा हलणार. ट्रायपॉडचा एक पाय मोडलाय, आणि तो दुरुस्त करायला जो शेगडा, म्हणजे वस्तू जबड्यात घट्ट धरणारा वाईस, लागतो तोच समोर सुटा होऊन पडलाय.

गेले काही महिने मी कुठलाही व्हिडिओ टाकला, मिक्सरच्या कपलरचा असो नाहीतर गच्चीवरच्या नळाचा, की खाली एक तरी कॉमेंट असतेच: "दादा, मागे टेबलावर तो गंजलेला वाईस दिसतो, त्याचं काय करणार?" एकानं तर लिहिलं, "भंगारात द्या, बिडाला (म्हणजे ओतीव लोखंडाला) भाव बरा आहे." त्या भावाला पहिलं उत्तर. नाही देणार. हा आजोबांचा आहे.

आजोबा कलाभवनातले. बडोद्याबाहेरच्यांना सांगतो, कलाभवन म्हणजे सयाजीरावांनी १८९० साली काढलेली हुन्नर शिकवणारी संस्था. दादासाहेब फाळकेही तिथलेच विद्यार्थी. १९४९ ला विद्यापीठ झालं तेव्हा ती त्यात गेली, आता तिथं टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे. आजोबा काही फाळके झाले नाहीत, आयुष्यभर फिटर राहिले. पण त्यांच्या दोन सवयी आमच्या घरात कायद्यासारख्या होत्या. काम झालं की शेगड्याचं हँडल उभं लटकत ठेवायचं, म्हणजे जाता-येता कुणाच्या मांडीला लागत नाही. आणि जबडे रिकामे असताना कधीही आवळून ठेवायचे नाहीत, बोटभर फट ठेवायची. मी लहानपणी एकदा रिकामे जबडे जोर लावून आवळले होते, तर कान असा पिरगळला की अजून आठवतं.

मग २०२४ चा ऑगस्ट आला. विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि कारेलीबागेतल्या आमच्या तळमजल्यात कमरेच्या वर पाणी. (हो, मगरी निघाल्या होत्या गावात. नाही, आमच्या पार्किंगमध्ये नव्हती. दर व्हिडिओखाली "काका, मगर दाखवा" लिहिणाऱ्या मुला, कमाटीबागेतल्या प्राणिसंग्रहालयात जा.) पाणी उतरल्यावर आधी फ्रीज, मग गाद्या, मग स्कूटर. शेगड्याचा नंबर लागलाच नाही. आतला गाळ तसाच वाळला आणि सगळं एकजीव झालं. हँडल फिरवायला गेलो तर टेबल हललं, स्पिंडल (हँडलनं फिरणारा आट्यांचा दांडा) नाही.

खोलायचं कसं ते पटकन सांगतो, सोपं आहे. हँडल डावीकडे फिरवत राहायचं, आटे संपले की पुढचा जबडा स्पिंडलसकट बाहेर ओढायचा. खालून हात द्या, नाहीतर पायावर येतो. मागे स्प्लिट पिन, वॉशर, स्प्रिंग. पिन सरळ करून काढली की स्पिंडल सुटलं. नट मागच्या अंगाच्या पोटात बसलेला असतो, त्याचा बोल्ट सोडला की तोही बाहेर. झालं.

माझ्यासारखं स्पिंडलच जाम असेल तर हातोडा उचलू नका. शेगड्याचं अंग बिडाचं असतं. बीड दाब कितीही सोसतं, पण ताण आणि ठोका सोसत नाही, तडकतं. आणि तडकलेल्या बिडाला वेल्डिंग म्हणजे निकेलची कांडी, आधी तापवणं, मग राखेत हळूहळू गार करणं. घरी होत नाही. मी ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन अर्धं-अर्धं मिसळलं, सकाळ-संध्याकाळ आट्यांवर थेंब-थेंब सोडलं, आणि हँडल जेवढं हलेल तेवढंच पुढे-मागे केलं. पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी केसभर. तिसऱ्या दिवशी आतून "कर्रर्र" असा आवाज आला आणि गाळाची भुकटी पडली. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "मोडलास ना?" नाही, सुटला! ॲसिटोन चटकन पेट घेतं, तेव्हा जवळ गॅस नको, विडी नको.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ आहे ते. जबड्याच्या पट्ट्यांचे स्क्रू.

(जवळून दाखवतो.) या दात असलेल्या दोन पोलादी पट्ट्या. प्रत्येकीला दोन स्क्रू, डोकं आत बसलेलं, वर एक सरळ खाच. चार स्क्रू. अख्ख्या शेगड्यात हाताला रडवणारं काय असेल तर हे चार. आणि लोक इथंच घाई करतात. खिशातला डिसमिस काढतात, (पुण्या-मुंबईची मंडळी हसतील, पण आमच्या बडोद्यात स्क्रू-ड्रायव्हरला डिसमिस म्हणतात, माझ्या तोंडातून तेच येणार), खाचेत घालतात, जोर करतात, डिसमिस घसरतो, खाचेच्या कडा गोल होतात. खेळ खलास.

का घसरतो? बाजारातला साधा डिसमिस टोकाकडे निमुळता असतो, पाचरीसारखा. खाच मात्र सरळ भिंतींची. पाचर फिरवलीत की ती स्वतःलाच वर ढकलते. म्हणून मी एक जुना, चौकोनी दांड्याचा डिसमिस घेतला आणि कानशीनं त्याचं टोक दोन्ही बाजूंनी घासून समांतर केलं, खाचेत अगदी गच्च बसेल इतकंच. रुंदी खाचेच्या लांबीएवढी. जास्त रुंद ठेवलात तर पट्टीच्या भोकाच्या कडेला घासतो. आणि त्याआधी खाच साफ करा. माझ्या खाचेत तीन थर रंग आणि विश्वामित्रीचा गाळ होता, हॅक्सॉच्या तुटक्या पात्यानं खरवडून काढला तेव्हा कळलं की खाच वाटत होती त्याच्या दुप्पट खोल आहे.

दुसरं, जबडा आडवा पाडा. शेगडा टेबलावर उभा असताना स्क्रू तुमच्या छातीकडे बघत असतात, दाबायला जोरच मिळत नाही. सुटा जबडा लाकडाच्या ठोकळ्यावर असा ठेवा की स्क्रू आभाळाकडे बघतील. आता डिसमिसवर अंगाचा भार टाका आणि चौकोनी दांड्याला पाना लावून फिरवा. भार वरून, फिरवणं पान्यानं.

तिसरं, कुठल्या बाजूला? "अहो, सोडायचाय तर डावीकडेच ना!" नाही. आधी उजवीकडे. आवळायच्या बाजूला अगदी जरासा, मनगट वळेल न वळेल इतका. गंज म्हणजे आट्यांमध्ये धरलेली भुकटी. तिचा धरलेला बांध एकदा कुठल्याही बाजूला तुटला की काम झालं, आणि खाचेच्या आवळायच्या बाजूच्या भिंती अजून कोऱ्या असतात. "टिक्" असा बारीक आवाज येतो. तो ऐकला की मग डावीकडे.

आता तुम्ही म्हणाल, एवढं लेक्चर देतोय म्हणजे याचे चारही सुटले असतील. तीन सुटले. चौथ्याची गोष्ट अशी की तीन सहज निघाल्यावर मला वाटलं मी आता उस्ताद. चौथ्याची खाच मी साफच केली नाही, आधी उजवीकडेही वळवलं नाही. सरळ डावीकडे, जोरात. "चर्रर्र", आणि खाचेच्या जागी एक चकचकीत वाटी! मग सोल्डरिंग आयर्नचं टोक दहा मिनिटं डोक्यावर टेकवून धरलं. तेल-ॲसिटोन आधी पुसून, पूर्ण उडून गेल्यावर, नाहीतर भडका. स्क्रू तापून फुगतो, गार होताना आकसतो आणि गंजाची पकड सुटते, असा हिशेब. खाच शाबूत असताना हे केलं असतं तर बहुधा लोण्यासारखा आला असता. चौथ्याला पकडायला काही उरलंच नव्हतं. शेवटी ड्रिल. तेही मी डोळ्यानं मध्य धरून सेंटर पंच मारला आणि भोक तिरकं गेलं, एका बाजूचे आटे खाल्ले. एक माप मोठे आटे पाडावे लागले.

त्यामुळे परत सांगतो, आणि हे कापून टाकणार नाहीये: खाच खरवडा, टोक समांतर करा, आधी उजवीकडे. "इम्पॅक्ट ड्रायव्हर का नाही वापरला?" असं विचारणार आहात, माहीत आहे. म्हणजे हातोड्याच्या ठोक्यानं फिरणारा डिसमिस. चालतो. पण जबडा खाली भरीव लाकडावर टेकलेला हवा, अधांतरी बिडावर ठोका नको, आणि त्याचंही टोक खाचेत गच्चच बसायला हवं. म्हणजे फिरून तेच.

गंज. यावर कोल्हापूरच्या एका काकांनी मला बॅटरी चार्जर आणि धुण्याचा सोडा घेऊन विजेनं गंज काढायला सांगितलंय. उत्तम पद्धत आहे काका, फक्त दुसरं टोक स्टेनलेस स्टीलचं ठेवू नका, त्यातून क्रोमियमचं विष पाण्यात उतरतं, आणि खोली उघडी ठेवा, हायड्रोजन निघतो. मी मात्र किराणावाल्याकडे गेलो. लिंबाचं फूल. आपल्याकडे खमणात घालतात ते, म्हणजे सायट्रिक ॲसिड. लिटरला पन्नास ग्रॅम. दहा लिटर पाण्यासाठी अर्धा किलो मागितलं तर दुकानदार म्हणाला, "केटला माणसनुं खमण छे?" (किती माणसांचं खमण आहे?) प्लास्टिकच्या टबात रात्रभर ठेवलं. सकाळी पाणी काळंहिरवं, आणि ब्रश फिरवला की खालून राखाडी बीड. स्प्रिंग त्यात टाकू नका. कडक पोलाद आम्लात ठिसूळ होतं, तिला रॉकेल आणि तारेचा ब्रश पुरे. पट्ट्याही तासाभरात काढा. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा, पुसा, उन्हात ठेवा आणि लगेच तेल. मी मध्ये चहा प्यायला गेलो तर तेवढ्यात नारिंगी झाक आली होती.

पट्ट्यांबद्दल एक राग आहे तो काढून टाकतो. माझ्या एका पट्टीचे दात गेले होते, म्हणून एका दुकानातून नवी जोडी आणली. चकाचक. घरी येऊन कडेला कानस फिरवली तर ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. कडक केलेल्या पोलादावर कानस घसरते, चावत नाही. ही साध्या लोखंडाची होती, महिन्याभरात दात सपाट झाले असते. दुकानदार म्हणे, "सगळे हीच नेतात." म्हणून कानशीचा तुकडा खिशात ठेवा आणि दुकानातच बघा. मी शेवटी जुन्याच पट्ट्या लावल्या, जास्त झिजलेली मागच्या जबड्याला.

पट्टी बसवण्याआधी तिच्या मागची जागा बघा. तिथं गंजाचा खपला राहिला तर पट्टी डुगडुगते आणि मग स्क्रूला दोष. बसवून झाल्यावर वहीच्या कागदाच्या दोन पट्ट्या जबड्याच्या दोन्ही टोकांना धरून हलकेच आवळा आणि ओढून बघा. दोन्ही सारख्या घट्ट असतील तर ठीक. एक निसटली तर त्या बाजूला जबडा लागत नाहीये.

रंग. हा तर माझा जुना वाद. इंटरनेटवर शेगडे इतके रंगवतात की वरातीतला घोडा वाटावा. रंगवा, मीही निळा दिलाय. पण बाहेरूनच! सरकणाऱ्या जागेवर रंग नको, आट्यांवर नको, नटावर नको. तिथं रंगाचा थर म्हणजे आपणच केलेला जाम. तिथं फक्त ग्रीस, आणि थोडंच, जास्त झालं तर कानशीचा भुसा धरून बसतं.

आणि हो, हँडलला पाइप लावून आवळणाऱ्यांनो. हँडलची लांबी हाताच्या जोराच्या हिशेबानं केलेली असते. पाइप लावलात की स्पिंडल वाकतं, नाहीतर जबडा जातो. मला एकानं लिहिलंय, "आमचा तर बारा वर्षं चालतोय पाइपवर." भाऊ, तुमचं नशीब.

टेबलावर बसवताना उंची कोपराएवढी. ताठ उभं राहून मूठ हनुवटीखाली धरा, कोपर जबड्याला टेकलं पाहिजे. माझं टेबल आजोबांच्या मापाचं होतं, ते माझ्यापेक्षा बुटके, म्हणून खाली सागाची दीड इंची फळी घातली.

(हँडल फिरवतो, आवाज ऐका.) बघा. एका बोटानं.

आणि कॉमेंटमध्ये येणारच म्हणून आधीच दाखवतो: पुढच्या पट्टीत डावीकडे खाचेचा स्क्रू, उजवीकडे काळा ॲलन बोल्ट. तो चौथा. आईनं काल बघून विचारलं, "हा एकच वेगळा का?" तिला मी म्हणालो, डिझाइन आहे.